भाऊजींनी ‘वाय’ दाबला

माझ्या भाऊजींना कुणाला नाही म्हणता येत नाही. गावात कुणाचं बारसं असो की तेरवी, पेटी वाजवायला बोलावलं की हे निघाले. ताई म्हणते, “मले पाह्याले आले होते तवा यायनं पोहे तीनदा खाल्ले. काऊन? तर माह्या मायनं तीनदा इचारलं म्हनून.”

पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला टेकून त्यांचं गाव आहे. धानाची शेती आहे, पण भाऊजींचा खरा जीव नाटकात. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकं सुरू होतात, ती पार होळीपर्यंत. भाऊजी एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवतात. रंगमंचासमोर बसून दोन हातांनी ऑर्गन वाजवायचा आणि मधेच एक बोट लॅपटॉपवर मारून विजेचा कडकडाट, जेलचं दार, बाळाचं रडणं असे आवाज सोडायचे, हे त्यांचं काम.

हे आवाज त्यांनी स्वतः जमवलेले. पाऊस म्हणजे सुपात हलवलेलं धान. जेलचं दार म्हणजे शेजारच्या गोठ्याचं गंजकं फाटक. वाघाची डरकाळी त्यांनी रिकाम्या माठात तोंड घालून काढली होती, आणि ती काढताना ताईची म्हैस दावं तोडून पळाली होती. बाळाच्या रडण्यासाठी तर लसीकरणाच्या दिवशी ते अंगणवाडीबाहेर मोबाइल हातात धरून उभे राहिले. आत बसलेल्या आयांना वाटलं, हा माणूस कुणाचा फोटो काढतोय. ताईला जाऊन समजूत घालावी लागली.

तो लॅपटॉप मूळचा माझा. मी चंद्रपूरला एका कॉलेजात संगणक शिकवते. नवा घेतला तेव्हा जुना भाऊजींना दिला. पण नाटकवाल्यांचे पेनड्राइव्ह या खिशातून त्या खिशात फिरत असतात. सहा महिन्यांत त्यात इतके व्हायरस शिरले की वीज कडाडायची ती प्रसंग संपल्यावर. मग मी सगळं पुसून त्यात लिनक्स टाकलं आणि आवाज ओळीनं लावून एकेका बटणावर ठेवता येतात असा एक प्रोग्राम बसवून दिला. भाऊजी खूश. जो भेटेल त्याला सांगायचे, “आमच्या सालीनं टाकून देल्लं. याले व्हायरस होतच नाई.”

यंदा दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज बारीक.

“बाई, तू कवा येऊन राह्यली?”

“काऊन? काय झालं?”

“नाई, काई नाई. ताई आठवन करून राह्यली.” मग जरा थांबून, “अन् ते मशीन उघडून नाई राह्यलं.”

मी दुसऱ्याच दिवशी बॅग भरली आणि मूल गावावरून जाणारी एसटी धरली. भाऊजी फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभे होते. रस्ताभर ते नव्या नाटकाची गोष्ट सांगत राहिले, नायिकेचा नवरा कसा जंगलात हरवतो आणि सासू कशी कारस्थानं करते. मशीनचं नाव काढलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, “आधी जेवून घे.”

ताईनं लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते. जेवताना तिनंच फोडलं. “त्या दुसऱ्या कंपनीचा पोट्टा भेटला होता यायले. तो म्हने, भाऊ, तुमचा प्रोग्राम जुना झाला, नव्यात आवाज हळूहळू कमी होते. मंग बसले फोनवर व्हिडिओ पाहून ठोकठाक करत.”

“अवं, पाऊस एकदम बंद होते ना नाटकात,” भाऊजी म्हणाले. “खरा पाऊस असा बंद होते का? हळूहळूच जाते ना तो.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी हात धुतले आणि लॅपटॉप उघडला.

झालं होतं असं. लिनक्सवर कुठलाही प्रोग्राम एकटा येत नाही. तो पॅकेज म्हणून येतो, आणि त्याला चालायला दुसरी पॅकेजं लागतात, त्यांना आणखी तिसरी. यालाच डिपेंडन्सी म्हणतात. एरवी हा सगळा गोतावळा प्रणाली आपोआप गोळा करते. पण व्हिडिओतल्या माणसाची प्रणाली होती नवी आणि भाऊजींची होती जुनी. त्यानं सांगितलं तसा भाऊजींनी नव्या प्रणालीचा पत्ता आपल्या मशीनमध्ये घातला आणि नवा प्रोग्राम मागवला. मशीन बिचारं तिथून नवं सामान उतरवू लागलं. अर्धं उतरलं आणि मधेच नेट गेलं. आता काही पॅकेजं नवी, काही जुनी. नवी म्हणायची, आम्हाला आमच्याबरोबरची नवीच पाहिजेत. जुनी म्हणायची, आम्हाला जुनंच पाहिजे. नवा प्रोग्राम बसला नव्हता आणि जुना उघडत नव्हता. साधा अपडेट करायला गेलं तरी लाल अक्षरांत तक्रार यायची.

“दुरुस्त होते ना?” भाऊजींनी विचारलं.

“होते. पण नेट पायजे.”

नेट म्हणजे बोडी. गावामागे एक लहानसा तलाव आहे, आमच्याकडे त्याला बोडी म्हणतात. तिच्या पारीवर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की मोबाइलला दोन दांड्या येतात, आणि पारीच्या टोकाशी मोहाच्या झाडाखाली तीन. गावातल्या पोरी सासरी गेलेल्या बहिणींशी बोलायला तिथंच जातात. सकाळी आम्ही दोघं लॅपटॉप, एक चटई आणि पाण्याची बाटली घेऊन निघालो. पारीला लागून एकाची मोटरीची खोली आहे. भाऊजींनी तिथून वायर ओढून आणली, कारण लॅपटॉपची बॅटरी फार वेळ टिकत नव्हती. त्या दिवशी दुपारी समाजमंदिरात रंगीत तालीम होती. नाटकाचे दिग्दर्शक सगळं पाहायला येणार होते. म्हणजे आमच्या हातात सकाळ तेवढी होती.

मी मोबाइलवरून नेट जोडलं आणि मशीनला सांगितलं, तुटलेलं दुरुस्त कर. त्यानं थोडा विचार केला आणि एक लांबलचक यादी पुढं टाकली. इतकी पॅकेजं काढून टाकतो, मग सगळं जुळतं. चालेल का? हो असेल तर वाय, नको असेल तर एन.

मी ती नावं वाचायला लागले. आवाजाची काही, चित्रांची काही. निम्म्यावर आले असेन नसेन, मोबाइलचं नेट गेलं. मी म्हटलं, “भाऊजी, मी झाडाखाली जाऊन पाह्यतो, रेंज येते का. तुमी इथंच बसा.”

बसा एवढंच म्हटलं. हात लावू नका असं म्हणायला पाहिजे होतं, ते सुचलं नाही. शिवाय ते माझ्यापेक्षा वयानं मोठे.

मोहाच्या झाडाखाली दांड्या आल्या आणि त्याबरोबर कॉलेजातल्या एका मैत्रिणीचा फोनही आला. बोलून परत आले तर भाऊजी पडद्याकडे कौतुकानं बघत होते. पांढऱ्या ओळी भराभर वर सरकत होत्या.

“चालू झालं, बाई!”

“काय चालू झालं?”

“ते इचारून राह्यलं होतं ना. कितीक वेळचं थांबून होतं बिचारं. मी वाय दाबला.”

मी लॅपटॉप माझ्याकडं ओढला. प्रोग्राम आणायला नेट लागतं, काढायला लागत नाही. त्या यादीच्या शेवटी, मी वाचायच्या राहिलेल्या भागात, अख्खा डेस्कटॉप होता. खिडक्या, चित्रं, फोल्डर, बाण, सगळं. थोड्या वेळानं पडदा गोठला. मी बंद करून पुन्हा चालू केला. काळा पडदा, वर डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत एक ओळ: तुमचं नाव टाका. बाकी काही नाही.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. “आता काय इचारून राह्यलं?”

“काई नाई इचारत. सगळं गेलं, भाऊजी. तुमी हो म्हटलं अन् त्यानं सगळं काढून फेकलं.”

मी चिडले होते. आवाजही चढला असणार, कारण पलीकडं जाळं टाकत असलेल्या माणसानं मान वर करून पाहिलं. भाऊजींनी चटईची गुंडाळी केली, पुन्हा उलगडली. मग हळूच म्हणाले, “माहा वाघही गेला?”

ते ऐकलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. हा माणूस डेस्कटॉपबद्दल विचारत नव्हता. त्याला माठातल्या डरकाळीची काळजी होती. मी म्हटलं, “थांबा, पाह्यतो.”

नाव टाकलं, पासवर्ड टाकला, फोल्डरमध्ये काय आहे ते दाखव म्हटलं. पांढऱ्या अक्षरांत नावं उमटली. वाघ, पाऊस, वीज, बाळ, जेल, बाइक. सगळे जागेवर. पॅकेजं काढली तरी माणसाच्या फायलींना ती हात लावत नाहीत, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. तरी त्या वेळी ती नावं बघून माझाच जीव भांड्यात पडला.

आणि मग मला सुचलं की आवाज वाजवायला चित्रं लागत नाहीत. लिनक्समध्ये एक साधा, लहानसा प्रोग्राम असतो. त्याचं नाव लिहायचं, पुढं फाइलचं नाव लिहायचं आणि एंटर मारायचं. मी वाघ लिहून एंटर मारला.

लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून डरकाळी निघाली. बोडीतली बदकं उडाली. भाऊजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुरुस्तीला वेळ लागणार होता, तालमीआधी ती होणं शक्य नव्हतं. मग तिथंच बसून मी प्रत्येक आवाजाला एक अक्षर देऊन टाकलं. व लिहिलं की वाघ, प लिहिलं की पाऊस. खरं तर इंग्रजी अक्षरं होती, आणि तिथंच पुढचा घोळ झाला. पण ते नंतर. अडचण ही की ऑर्गन वाजवता वाजवता भाऊजींना टाइप करणं जमणार नव्हतं. म्हणून तालमीत त्यांच्याशेजारी मीच बसायचं ठरलं. ताईनं ऐकलं तर म्हणाली, “मंग मीबी येतो. तुमा दोघायले एकटं नाई सोडत आता.”

समाजमंदिरात सतरंजी टाकली होती. दिग्दर्शक गळ्यात मफलर गुंडाळून खुर्चीत बसलेले. उंच, कडक माणूस. नाटकात नट चुकला की ते ओरडत नाहीत, नुसता चष्मा काढून पुसतात, आणि नटाला घाम फुटतो. त्यांनी आमचा काळा पडदा पाहिला.

“हे काय? यात चित्रच नाई.”

“नवीन पद्धत आहे, भाऊ,” भाऊजी म्हणाले. पहिल्यांदाच मी त्यांना इतक्या सफाईनं खोटं बोलताना ऐकलं.

पहिला अंक छान गेला. भाऊजी मान हलवून खूण करायचे, मी अक्षर टाइप करायचे. वीज वेळेवर पडली. पाऊस एकदम बंद झाला तेव्हा त्यांनी ऑर्गनवर हळू स्वर धरून तो असा काही जिरवला की मला वाटलं, यांना नवा प्रोग्राम हवाच कशाला होता.

दुसऱ्या अंकात नायिका एकटी झोपडीत असते आणि पाळण्यातलं बाळ रडतं. भाऊजींनी खूण केली. बाळ आणि बाइक, दोघांचं इंग्रजी अक्षर एकच. म्हणून बी बाइकला दिलं आणि बाळासाठी मी दुसरं अक्षर ठरवलं होतं, पण घाईत बोट बीवरच गेलं. समाजमंदिरात पाळण्यातून मोटरसायकल सुरू झाली. दोन किका आणि मग भरधाव.

दिग्दर्शकांचा हात चष्म्याकडं गेला. नायिकेचं काम करणारी बाई वर्षानुवर्षं रंगमंचावर आहे. ती अजिबात गडबडली नाही. पाळणा थोपटत म्हणाली, “झोप माह्या राजा. तुह्या बापाची गाडी बंद पडली असन रस्त्यात, म्हनून तूच चालवून दाखवून राह्यला का त्याले?”

आधी ताई हसली. तोंडाला पदर लावून, मग पदर काढून. मग सगळं समाजमंदिर. दिग्दर्शकांनी चष्मा काढला, पुसला, पण पुसताना त्यांचे खांदे हलत होते. मी ऑर्गनमागे तोंड लपवलं. भाऊजी माझ्या कानाशी कुजबुजले, “काई नाई होत, बाई. मी एकदा मयताच्या सीनले सनई सोडली होती.”

तालीम संपल्यावर दिग्दर्शक जवळ आले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते एवढंच म्हणाले, “बाई, तुमी येता का आमच्या कंपनीत? हात चांगला आहे. फक्त पोरगं अन् गाडी वेगळी ठेवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोडी. या वेळी ताईही आली, तिचा मोबाइल आणि टोपलीभर उकडलेले शिंगाडे घेऊन. मी आधी ज्या पत्त्यावरून हा घोळ आला तो नव्या प्रणालीचा पत्ता मशीनमधून काढून टाकला. मग पॅकेजं पुन्हा जुनी करायला घेतली. एकेक नाव लिहून सांगायचं, ही आवृत्ती नको, आधीची बसव. पहिल्याला सांगितलं तर ते म्हणालं, मी मागे जाईन, पण दुसरं नवं आहे, त्याला माझी नवीच आवृत्ती लागते. दुसऱ्याला सांगितलं तर त्यानं तिसऱ्याकडं बोट दाखवलं. तिसरं पहिल्याकडं. बराच वेळ मी त्या फेऱ्यात फिरत होते. ताई शिंगाडे सोलून देत होती आणि मी न बघता खात होते.

“एकेकाले काऊन इचारतं?” ताई म्हणाली. “सगळ्यायले एकदमच सांग ना.”

तिला यातलं काही कळत नव्हतं, कंटाळून म्हणाली होती ती. पण उपाय तोच होता आणि मला तो माहीतही होता. नुसता सुचत नव्हता. सगळी नावं एकाच ओळीत लिहिली, प्रत्येकापुढं जुनी आवृत्ती, आणि एंटर मारला. मशीननं हिशेब केला आणि यादी टाकली. इतकी मागे नेतो, एकही काढत नाही. चालेल का?

मी भाऊजींकडं लॅपटॉप सरकवला. “वाचा.”

“मी?”

“तुमीच. काढणार आहे का काई, ते पाहा. मंग सांगा.”

त्यांनी चष्मा लावला. इंग्रजी नावं त्यांनी अक्षरं जुळवत, नाटकातल्या पत्रवाचनासारखी मोठ्यानं वाचली. शेवटची ओळ दोनदा वाचली. काढायची शून्य. मग माझ्याकडं, ताईकडं आणि पुन्हा पडद्याकडं बघून त्यांनी वाय दाबला. लाल अक्षर एकही आलं नाही.

डेस्कटॉप परत मागवायचा होता. तो मोठा, उतरायला वेळ लागला. माझा दिवसाचा डेटा मधेच संपला. मग ताईचा मोबाइल जोडला. तो संपत आला तेव्हा बहिणीशी बोलायला आलेल्या एका पोरीनं आपला दिला, आणि ती आमच्याजवळच बसून शिंगाडे खाऊ लागली. वाट बघता बघता भाऊजींनी नाटकातलं पद गुणगुणायला सुरुवात केली. ताई म्हणाली, वरचा सूर लागत नाई तुमचा. ते म्हणाले, रात्री लागते. त्यावर ताई जे म्हणाली ते मी इथं लिहीत नाही.

शेवटी मशीन बंद करून चालू केलं. काळा पडदा आला, जरा थांबला, आणि मग निळं चित्र, फोल्डर, बाण. जुना प्रोग्रामही उघडला. बटणांवर वाघ, पाऊस, वीज होते तसे.

“अन् नवीन?” भाऊजींनी विचारलं. “तो हळूहळूवाला?”

“त्याले पूर्ण प्रणालीच नवी पायजे. ते मी उन्हाळ्यात करून देतो, सिझन संपला की. आता हात नाई लावायचा.”

ते थोडे हिरमुसले. मग म्हणाले, “जाऊ दे. ऑर्गनवर जिरवतो मी पाऊस.”

“काल जिरवला तसाच,” मी म्हटलं. त्यांना ते आवडलं. वर बघत नव्हते, पण कान लाल झाले होते.

मोबाइल ज्याचे त्याला दिले, वायर गुंडाळली. ऊन चढलं होतं आणि बोडीखालच्या भाऊजींच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान कापायचं राहिलं होतं. लॅपटॉपसाठी भाऊजींचे दोन दिवस गेले होते, आणि धान काही कुणासाठी थांबत नाही. लॅपटॉप घरी ठेवून आम्ही तिघंही बांधीत उतरलो. मी विळा हातात घेतला तर तो कसा धरायचा हेच हाताला आठवेना. ताईनं माझी बोटं धरून मुठीत नीट बसवली.

“असा,” ती म्हणाली. “अन् खालून घे. वरवरून नोको कापू, तनस वाया जाते, मंग म्हशीले काय घालू?”

दोन ओळी संपेपर्यंत माझी कंबर मोडली. भाऊजी पुढं निघून गेले होते आणि पलीकडच्या बांधीतल्या माणसाला मोठमोठ्यानं सांगत होते की पाळण्यातलं पोरगं काल गाडी कसं चालवत होतं. तो माणूस विळा टाकून धुऱ्यावर बसला आणि म्हणाला, “पुन्हा सांग.”